उंडीची बी रुजतच नाहीये

बागवेडी: उंडीच्या पाच बिया लावून महिना झाला, एकही रुजली नाही. त्या पांढऱ्या फुलांचा वास एकदा घेतला तेव्हापासून हे झाड हवंच आहे. कुजल्या असतील का?

मातीतला: कवच फोडलं होतं का? अख्ख्या बीला जवळजवळ दोन महिने लागतात, कवच काढलं तर साधारण तीन आठवड्यांत कोंब येतो. एक उकरून बघा, आतला गर टणक असेल तर जिवंत आहे, पण फोडताना हळू, गराला चीर गेली की बुरशी धरते.

अंगण: जागा आधीच ठरवा हं, ६० फुटांपर्यंत जातं, भिंतीपासून लांबच बरं. वाळूची जमीन, खारा वारा सगळं चालतं, कडक थंडी नाही.

बागवेडी: कवच तसंच होतं! आत्ताच एक उकरली, गर टणक आहे, बाकीच्या उद्या फोडते.