10 बाय 11 ची खोली, दोन लेकरं, मधोमध पंखा – वर-खालचा पलंग करावा का?

शिवणवाली_दारव्हा

नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातली, घरीच शिवणकाम करते. पोरगी 9 वर्षांची, चौथीत. पोरगा साडेचार वर्षांचा, अंगणवाडीत. घरकुलाचं घर, त्यातली मागची खोली 10 बाय 11 ची. त्या खोलीत माझी मशीन, लोखंडी कपाट, तुरीची दोन पोती (भाव येईल तेव्हा जातील, तोवर तीही घरातलीच माणसं) आणि जी जागा उरते त्यात रात्री लेकरांची गोधडी.

पलंगाचा विषय निघाला तो हौसेनं नाही. मागच्या पावसाळ्यात नागपंचमीच्या आठवड्यात रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठले, लाईट लावला, तर पोरीच्या उशापासून हातभरावर मण्यार. काळी, अंगावर पांढरे पट्टे, अगदी शांत. ती चावली तर झोपेत कळत पण नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. यांनी काठीनं बाहेर काढली. तेव्हापासून लेकरं आमच्या बाजेवर आडवी आणि आम्ही दोघं ओट्यावर. जवळपास वर्षभर असंच काढलं. आता मृग लागायच्या आत काहीतरी करायचंच आहे.

दोन बाजा टाकल्या तर मशीनला जागा उरत नाही. म्हणून वर-खाली पलंग, ज्याला दुकानवाले बंक बेड म्हणतात. तालुक्याच्या एका दुकानात पाहून आले. पाईपचा आहे, निळा रंग, 18 हजार सांगतो. मी हातानं हलवला तर वरचा मजला यात्रेतल्या पाळण्यासारखा डुलला. दुकानदार म्हणे, "ताई, भिंतीला लागला की नाही हलत." वरचा कठडा मी शिलाईच्या टेपनं मोजला, फळीपासून 8 इंच. पुरे का हो तेवढा?

दुसरी भीती पंख्याची. स्लॅब साडेनऊ फुटावर, पंखा खोलीच्या बरोबर मधे. पोरगी वर बसून स्वेटर काढायला हात वर करेल तेव्हा काय?

लोखंडी घ्यावा की सुताराकडून लाकडी? उंची किती? आणि दोघंही आताच "मी वर, मी वर" करून भांडून रायले, त्याचं काय करू?

पाईपवाला_आर्वी

ताई, मी वेल्डिंगवाला हाओ. असे सात-आठ पलंग बनवले, त्यातले दोन वापस आले ते माह्याच चुकीनं. म्हणून सांगतो.

पयले पंखा. तुमची खोली 10 फूट रुंद, म्हणजे पंखा भिंतीपासून 5 फुटावर. 48 इंची पंख्याचं पातं मधापासून 2 फूट फिरते. म्हणजे पात्याचं टोक भिंतीपासून 3 फुटावर आलं. आन् पलंगाची रुंदी किती? 3 फूट! पोरीनं कठड्याबाहेर हात काढला का पात्याच्याच खाली. आता उंची पाहा. दुकानातल्या पलंगाची वरची फळी 5 फुटावर असते. त्यावर 4 इंच गादी. 9 वर्षांचं लेकरू बसलं का सव्वादोन फूट. झालं साडेसात फुटाच्या वर डोकं. तुमच्या पंख्याची पाती सव्वाआठ फुटावर असतीन. हात वर केला का संपलं.

म्हणून 5 फुटाचा पलंग घेऊच नका. लेकरांसाठी 4 फूट पुष्कळ झालं. खालची फळी 1 फुटावर, वरची 4 फुटावर. खालचं लेकरू ताठ बसू शकते, वरून पडलं तरी फूटभर कमी उंचीवरून पडते. आन् पंखा तरी काढाच, समोरच्या भिंतीवर भिंतीचा पंखा लावा. 4 फुटावरही वर केलेला हात पात्याच्या थोडाच खाली राह्यते, आन् पोरगी पुढच्या वर्षी वाढणार हाय.

तो पलंग डुलते काहून? पाईप पातळ, आन् तिरपा पट्टा नाही. पाईप घेतानी वजन करा. दीड इंची चौकोनी, 16 गेजची 20 फुटी नळी अकरा किलोच्या आसपास भरते. साडेआठ भरली तर ती 18 गेज, म्हणजे पातळ, मंग बिलावर कायीपण लिहू द्या. मांगच्या बाजूनं दोन कोपऱ्यांत तिरपे पट्टे मारले का पलंग हलत नाही. भिंतीलेही दोन जागी क्लॅम्पनं बांधा.

सगळं वेल्डिंग करून घेऊ नका. चार कोपरे नटबोल्टवर ठेवा. माहा पयला पलंग वापस आला तो याच्याचसाठी, दरवाज्यातूनच गेला नाही. पाहुणे हसले, मी नाही हसलो.

आई_हिंगणघाट

ताई, साडेचार वर्षांच्या लेकराला वर झोपवायचं नाही, ही गोष्ट पक्की करून टाका. अमेरिकेत आणि युरोपातही 6 वर्षांखालच्या मुलाला वर ठेवू नका असं पलंगावरच छापलेलं असतं. माझं लेकरू झोपेतून नाही पडलं हो. दुपारी साडेतीन वाजता, बहिणीला "हनुमान उडी" दाखवताना पडलं. साडेपाच वर्षांचं होतं तेव्हा. गळ्याजवळचं हाड मोडलं, तीन आठवडे हात झोळीत. आम्ही रात्रीसाठी कठडा लावलेला आणि दिवसा शिडी तशीच उभी. आता शिडी काढता येते अशी करून घेतली आहे, दिवसा ती कपाटामागे.

कठड्याचं मोजमाप फळीपासून घेऊ नका, गादीपासून घ्या. अमेरिकेच्या नियमात कठडा गादीच्या वर किमान 5 इंच हवा, युरोपात 16 सेंटीमीटर म्हणजे सव्वासहा इंच. दुकानवाल्याचे 8 इंच, त्यावर समजा 5 इंची गादी टाकली, उरले 3. ते कठडा नाही, ते ठेचकाळायला लावलेलं दांडकं.

आणि कठड्याच्या दोन पाईपांमधली फट. अमेरिकेत ती साडेतीन इंचांपेक्षा मोठी चालत नाही, कारण लेकराचं अंग पायाकडून त्यातून सरकतं आणि डोकं अडकतं. भिंतीकडच्या बाजूलाही कठडा पाहिजे बरं का. भिंत आहे ना, असं वाटतं, पण पलंग दोन इंच सरकला की तिथंच फट पडते.

शिवणवाली_दारव्हा

@पाईपवाला दादा, तुमचा हिशेब वाचला आणि टेप घेऊन खुर्चीवर चढले. पातं 8 फूट 3 इंच. तुम्ही दारव्ह्यात येऊन गेलात का बाप्पा?

@ताई, हनुमान उडी आमच्याकडेही चालू आहे, सध्या तुरीच्या पोत्यावरून.

एक विचारायचं राहिलं. कूलर त्याच खिडकीत असतो. लोखंडी पलंग त्याच्याजवळ येईल, चालेल ना?

वायरमन_पुसद

नाही चालणार. मी फक्त एवढ्यासाठी लिहितो आहे. लोखंडी कूलर, त्यात पाणी, दोन पिनांची वायर, आणि बाजूला लोखंडी पलंग टेकलेला. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला तर तो पूर्ण पलंगात येतो आणि वर-खाली दोन्ही लेकरं त्याला धरून झोपलेली असतात. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, पेपरात वाचताच.

पलंग आणि कूलर यांत एवढं अंतर ठेवा की लेकराचा हात पलंगावरून कूलरला लागणार नाही. तीन पिनांचा प्लग, खरी अर्थिंग (खड्डा करून, नळाला वायर गुंडाळून नाही), आणि मीटरजवळ 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारं यंत्र) बसवा. पलंगाच्या पाईपला एक्स्टेन्शन बोर्ड बांधू नका, मोबाईल चार्जिंगसाठी लोक हमखास बांधतात.

सुतार_मूल

लाकडाची बाजू कोणीच घेतली नाही म्हणून येतो. चंद्रपूर जिल्ह्यातला आहे, आमच्याकडे बल्लारशाच्या डेपोचं सागवान. आलापल्लीचा सागवान दिल्लीच्या नव्या संसदेपर्यंत गेला, म्हणून आम्ही जरा मिजाशीत असतो. पण खरं सांगतो ताई, पूर्ण सागवानात हा पलंग तुमच्या बजेटमध्ये बसणार नाही. आणि स्वस्तात "सागवान" म्हणून जे मिळते त्यात कडेचं पांढरं लाकूड असते, त्याला दोन वर्षांत भुंगा लागतो. सकाळी पलंगाखाली पिवळी भुकटी दिसली की समजायचं.

माझं मत, सांगाडा लोखंडाचा आणि फळी लाकडाची. फळीसाठी 18 मिमीचं प्लायवूड घ्या, खाली चार आडव्या पट्ट्या. त्याला बोटाएवढी भोकं पाडून घ्या. कापसाची गादी अखंड फळीवर टाकली की पावसाळ्यात खालून ओल धरते आणि बुरशीचा वास येतो. लोखंडाला रंग लावताना घरगुतीच रंग लावा, शेडमधला उरलेला मशीनचा रंग नको. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) वर चालत नाही, तो नियम 2017 पासून लागू आहे. लहान लेकरं कठडा चाटतातच.

शिडीच्या पायऱ्या गोल सळईच्या करू नका, पायाला रुततात. रात्री लघवीला उतरताना अर्धवट झोपेत तीच पायरी चुकते. तीन इंच रुंद सपाट पट्टी हवी. आणि शिडी तिरपी, सरळ उभी नको.

भारतातही बंक बेडचं स्वतंत्र मानक आलं आहे, आयएस 17636, 2022 चं. गावच्या वेल्डरला त्याचा क्रमांक विचारू नका, तो चहा पाजून वाटेला लावेल. वर हिंगणघाटच्या ताईंनी सांगितलेली मापं कागदावर लिहून द्या.

पाईपवाला_आर्वी

चहा पाजीन, पण मापही घेईन. मूलच्या काकांचं बरोबर हाय. सळईच्या पायऱ्या हाच माहा दुसरा वापस आलेला पलंग.

शिवणवाली_दारव्हा

(पाच आठवड्यांनंतर)

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं. पलंग आला, रोहिणी सरता सरता. 12 हजार 400 लागले, गादी वेगळी.

दुकानातला नाही घेतला. आमच्या गावच्या वेल्डरला कागदावर चित्र काढून दिलं, शिवणाचं माप देते तसं. फळी 1 फूट आणि 4 फूट, कठडा चारी बाजूंनी फळीपासून 12 इंच, फक्त शिडीपाशी 15 इंचांची वाट. फटी 3 इंच. तो म्हणाला, "वहिनी, हा पलंग हाय का कोंडवाडा?" मी म्हटलं, तू बनव. पाईप माझ्यासमोर काट्यावर ठेवला. पहिली नळी 8 किलो 600 ग्रॅम भरली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग त्यानं आतून दुसऱ्या नळ्या आणल्या. पाईपवाला दादा, त्या काट्याचं श्रेय तुमचं.

कपाट हलवून पलंग 10 फुटी भिंतीला लावला, म्हणजे कूलरची खिडकी समोरच्या बाजूला गेली. मधला पंखा काढून पुढच्या खोलीत टांगला, इथे भिंतीचा लावला. वायरमन दादा, आरसीसीबी बसवली. पहिल्याच रात्री कूलर लावला की लाईट जायला लागली. घरधनी म्हणे तुझं यंत्र खराब आहे. दुसऱ्या दिवशी कूलर खोलला तर पंपाची वायर पत्र्याला घासून उघडी पडलेली. तेव्हापासून ते यंत्राबद्दल काही बोलत नाहीत.

वर कोण, हे भांडण मिटलं नाही. पोरगी वर. पोऱ्याला सांगितलं 6 पूर्ण झाले की तू. तो रोज विचारतो, आता किती झाले. शिडी सकाळी निघते आणि मशीनमागे जाते. तरी परवा तो बाजूच्या दुसऱ्या खिडकीच्या गजावरून वर पोचलेला सापडला, आता पलंग तिथूनही हातभर सरकवला.

मच्छरदाणी वर बांधायला लांब दोऱ्या नको असं मीच ठरवलं, लेकराच्या गळ्यात अडकतील म्हणून. कठड्याच्या कोपऱ्यांना चार उभ्या पट्ट्या लावून त्यांवर दाणी चढवली, कडेनं इलॅस्टिक शिवलं आणि गादीखाली दाबली. हे शिवायला मात्र मला कोणाला विचारावं लागलं नाही.

गादीचं सांगते. पिंजाऱ्याला म्हटलं, 4 इंचांच्या वर कापूस भरू नको. तो थांबला, म्हणे, "ताई, तीस वर्षं झाली, लोक कमी भरला म्हणून भांडायला येतात. जास्त भरू नको म्हणणारी तुम्हीच पहिल्या." मी त्याला टेप दाखवली. त्यानं मुकाट्यानं पोत्यातून मूठभर कापूस परत काढला.