हिरवा चुडा ग्रीन स्क्रीनबरोबर गायब होतोय, वाचवता येईल का?

पेठेतली_एडिटर
मंडळी मदत हवीये. मावशीचा मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप आहे, श्रावणातली बुकिंगं मिळावीत म्हणून त्यांचा छोटा प्रोमो करून देते असं मी कबूल केलंय. एका कार्यालयाच्या हॉलमध्ये मांडववाल्याकडून हिरवा पडदा लावून घेतला, बायकांनी समोर फुगड्या, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणं सगळं केलं, मागे वाड्याच्या चौकाचा फोटो टाकायचा असा प्लॅन. फोनवर शूट, ४के, २५ फ्रेम. आता आफ्टर इफेक्ट्समध्ये कीलाइट (ठराविक रंग चित्रातून गाळणारा इफेक्ट, यालाच की काढणं म्हणतात) लावला की पडदा जातो पण त्याच्याबरोबर प्रत्येकीचा हिरवा चुडाही जातो, म्हणजे हात कोपरापर्यंत आहे, मग मध्ये वाडा दिसतो आणि पुढे नुसता पंजा तरंगतोय 😭 बांगड्या लाल घाला असं सुचवायची सोय नव्हती, मंगळागौरीला हिरवा चुडा नाही म्हणजे काय यावर मला तासभर ऐकून घ्यावं लागलं असतं. शिवाय गजऱ्याच्या कडा हिरवट, काठाची जरही हिरवट मारतेय. आणि टायटलला 'सख्यांचा पिंगा' टाइप केलं तर ख्या तुटतोय आणि पि ची वेलांटी प च्या पलीकडे जाऊन बसतेय. परत शूट करू की हे वाचेल?

रोटो_कामगार
बरंचसं वाचेल, फक्त एकाच कीमध्ये सगळं काढायचा हट्ट सोड. आधी प्रत्येक शॉटला बायकांभोवती ढोबळ मास्क मार, म्हणजे पडद्याचे कोपरे, सुरकुत्या, लाइटचे स्टँड यांच्याशी कीलाइटला भांडावंच लागणार नाही. मग लेअरची कॉपी काढ. खालच्या कॉपीवर नेहमीचा की, पडदा स्वच्छ जाईल असा, बांगड्या गेल्या तर जाऊ देत. वरच्या कॉपीवर फक्त मनगटांपुरता मास्क, तो मोचाने ट्रॅक कर, म्हणजे मास्क हाताबरोबर हलेल (मोचा आफ्टर इफेक्ट्सबरोबर येतोच), आणि त्या मास्कच्या आत वेगळा कीलाइट.

आता त्या दुसऱ्या कीलाइटला व्ह्यूमध्ये स्क्रीन मॅट लावून बघ, त्यात जाणारं काळं आणि राहणारं पांढरं दिसतं. पडदा पोपटी असणार आणि काचेची बांगडी गडद हिरवी, त्यामुळे पडदा काळा दिसेल पण बांगडी पूर्ण काळी नसेल, करडी असेल. तो करडा म्हणजे तुझा जीव. क्लिप व्हाइट हळूहळू खाली आणत जा, एका ठिकाणी बांगडी पांढरी होते आणि पडदा अजून काळाच असतो, तिथे थांब. दोन्ही एकदम करडे झाले तर मात्र त्या शॉटला हाताने रोटो, म्हणजे फ्रेम फ्रेम कडा आखणं, दुसरा इलाज नाही. झिम्म्याच्या टाळ्यांमध्ये हात इतके धुरकट होतात की तिथे रोटोही कंटाळा आणेल, असे शॉट प्रोमोतून सरळ काढून टाक, बघणाऱ्याला कुठे माहितीये काय कापलंय.

काठाची जर आणि गजरा हा स्पिलचा मामला, म्हणजे पडद्याचा हिरवा उजेड अंगावर पडतो तो. स्पिल सप्रेसर ढोबळमानाने काय करतो तर एखाद्या पिक्सेलमध्ये हिरवा हा लाल आणि निळ्याच्या सरासरीपेक्षा जास्त असेल तर तो तिथपर्यंत खाली ओढतो. गजऱ्याला हे झकास लागू पडतं, मोगरा परत पांढरा होतो. पण हाच हिशेब बांगडीला लागला की चुडा राखाडी होऊन बसतो, म्हणजे इतकं करून वाचवलेल्या बांगड्या आजीबाईंच्या चांदीच्या पाटल्या वाटणार. म्हणून मनगटाच्या लेअरवर अ‍ॅडव्हान्स्ड स्पिल सप्रेसर लावूच नकोस आणि कीलाइटमध्ये व्ह्यू इंटरमीडिएट रिझल्टवर ठेव, तो मूळ रंगाला हात लावत नाही. काठाची जर मात्र थोडी जास्तच पिवळी करून घे नंतर, स्पिल काढला की ती फिकी पडते.

ट्रायपॉड_काका
वरचं सगळं बरोबर आहे पण इतकी उस्तवार करण्यापेक्षा पूर्ण अंगाचे दोन-तीन शॉट निळ्या पडद्यावर परत घ्या की. हिरवा पडदा काही शास्त्रात सांगितलेला नाही. हिरवा वापरतात कारण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर हिरव्याचे पिक्सेल लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, त्यामुळे तो चॅनल सगळ्यात स्वच्छ येतो. निळ्यात नॉइज जास्त, म्हणून निळ्या पडद्याला उजेड जास्त द्यावा लागतो, एवढाच फरक.

आणि कृपा करून मांडववाल्याचा सॅटीनचा पडदा परत आणू नका!! तो चकाकतो, एका बाजूला पांढरा आणि दुसऱ्या बाजूला काळपट दिसतो, मग कीलाइट तरी बिचारा कुठला रंग पकडणार. रविवार पेठेत जाऊन न चमकणारं साधं सुती कापड घ्या, इस्त्री करा, ताणून लावा. बायका पडद्यापासून निदान सहा-आठ फूट पुढे, पडद्याचे लाइट वेगळे आणि बायकांचे वेगळे. निम्मा स्पिल इथेच मेला.

फोनवर एचडीआर बंद, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक. २५ फ्रेमला शटर १/५०, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त एलईडीखाली १/६० ठेवलं की पट्टे सरकताना दिसतात. ४के घेतलंत ते मात्र चांगलं केलंत. फोन ४:२:० मध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे ३८४० बाय २१६० च्या चित्रात रंगाची माहिती १९२० बाय १०८० इतकीच. ४के वरच की काढा आणि शेवटचा प्रोमो फुल एचडीत द्या, कडा आपोआप सुधारतात.

पेठेतली_एडिटर
काका निळ्याचा विचार केला होता पण एकीचं नऊवार मोरपंखी आहे आणि एकीचं चक्क निळं 🙈 पण रोटो_कामगार, तुमचा मनगटवाला प्रकार पिंग्याच्या शॉटवर करून बघितला, करडा खरंच सापडला!! फुगडीत अजून त्रास आहे. टायटलचं कोणी सांगा ना

ट्रायपॉड_काका
निळं नऊवार सूप घेऊन बसवा, क्लोजअपमध्ये. किंवा साडी बदलायला सांगा, चुड्यापेक्षा ते सोपं जाईल.

शिरोरेषा
टायटलचं मी सांगतो. प्रेफरन्सेसमध्ये टाइप म्हणून भाग आहे, तिथे टेक्स्ट इंजिन लॅटिनवर असेल तर साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न करा (व्हर्जनप्रमाणे नाव थोडं वेगळं दिसेल). सॉफ्टवेअर एकदा बंद करून उघडा आणि नवीन टेक्स्ट लेअर घेऊन टाइप करा, जुन्या लेअरला डागडुजी करत बसू नका. फॉन्ट युनिकोडच हवा, मुक्त किंवा बलू नावाचे फॉन्ट फुकट मिळतात. फ्लेक्सवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये नावं टाइप करून दिली असतील तर ती पेस्ट केल्यावर कचरा येणार, त्याच्याकडून कोरल ड्रॉमधून कर्व्ह करून घ्या आणि आकार म्हणूनच आणा.

यापुढची गंमत म्हणजे अ‍ॅनिमेशन. तयार प्रीसेट सगळे इंग्रजीचा विचार करून केलेले, एक एक अक्षर उडत येतं. आपल्याकडे तसं केलं की काना वेगळा येतो, मात्रा मागून धावत येते. टेक्स्ट अ‍ॅनिमेटरच्या रेंज सिलेक्टरमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड उघडा, बेस्ड ऑन ला वर्ड्स करा, निम्मी कटकट संपते. अक्षरागणिकच हवं असेल तर क्रिएट शेप्स फ्रॉम टेक्स्ट करून एकेका अक्षराचे तुकडे हाताने एका ग्रुपमध्ये घ्या. मात्र आउटलाइन काढणारा इफेक्ट देणार असाल तर शिरोरेषेचे सांधे उघडे पडतात, प्रत्येक अक्षराची रेघ शेजारच्या रेघेत थोडी घुसलेली असते ना. मर्ज पाथ्स लावून आधी एकजीव करा.

मला स्वतःला आवडतं ते असं की आधी नुसती रेघ डावीकडून उजवीकडे जाते आणि मग तिच्याखाली अक्षरं वरून खाली उतरतात, दोरीवर वाळत घातल्यासारखी. दोन लेअर, दोन मास्क, दहा मिनिटांचं काम.

रोटो_कामगार
रेघ आधी? शाळेत अक्षरं झाल्यावर मग रेघ मारायचो आपण 😀

शिरोरेषा
शाळेत मारायचो, मोशन ग्राफिक्समध्ये नाही. आधी अक्षरं आली तर बिनरेघेची गुजरातीसारखी दिसतात आणि वाचणारा रेघ यायची वाट बघत बसतो. आणि हो, टायटल वेगळं एक्स्पोर्ट करणार असाल तर एच.२६४ नको, त्यात अल्फा, म्हणजे पारदर्शकता, टिकत नाही. प्रोरेस ४४४४ घ्या. नंतर अक्षरांना काळी किनार दिसली तर इंटरप्रेट फुटेजमध्ये अल्फा स्ट्रेटचा प्रीमल्टिप्लाइड करा, मॅट काळा.

चौसोपी
सगळे की वर बोलताय, पण की उत्तम निघूनही बायका वाड्यात उभ्या आहेत असं न वाटता वाड्याच्या पोस्टरसमोर उभ्या आहेत असं वाटणार, कारण चौकाचा फोटो. तो फोनच्या वाइड लेन्सने उभ्याने काढला असेल आणि बायकांना तुम्ही बसून झूम करून शूट केलं असेल तर कुठल्याच कलर करेक्शनने ते जुळत नाही. कॅमेऱ्याची उंची आणि लेन्स दोन्हीकडे सारखी हवी. वाडा इथेच आहे, जाऊन फोटो परत काढा, तो फुकट आहे. ढगाळ दिवशी काढा म्हणजे कडक सावली नसेल आणि हॉलच्या उजेडाशी भांडण होणार नाही.

मग काळा रंग जुळवा. वाड्याच्या दरवाजाआडचा सगळ्यात काळा भाग आणि बायकांच्या केसांतला सगळ्यात काळा भाग शेजारी ठेवून बघा, केस जास्त काळे असतील तर लेव्हल्समध्ये आउटपुट ब्लॅक किंचित वर घ्या. हे लोक विसरतात आणि उगाच ग्लो टाकत बसतात. फोटो स्थिर असतो, त्याला नॉइज नसतो, म्हणून शेवटी वाड्यावर थोडा ग्रेन आणि अगदी हलका लेन्स ब्लर.

पायांचं सगळ्यात अवघड, फुगडीत तर पायच बघतात लोक. बायकांच्या लेअरची कॉपी काढून फिल इफेक्टने काळी करा, कॉर्नर पिनने जमिनीवर आडवी पाडा, ब्लर, मल्टिप्लाय, ऑपॅसिटी तीसच्या आसपास. त्याखेरीज टाचेखाली अजून एक छोटी गडद सावली, जवळजवळ न ब्लर केलेली, ती नसली की पाय फरशीपासून दोन इंच वर दिसतात. फुगडीत पाय जागच्या जागी फिरतात त्यामुळे ही छोटी सावली एका ठिकाणी गोल मारून ठेवली तरी चालते, फ्रेम फ्रेम जायची गरज नाही.

आफ्टर इफेक्ट्सचं भाडं परवडत नसेल तर हे सगळं डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमध्ये फ्यूजन पेजवर होतं, डेल्टा कीयर तिथे आहे, प्लॅनर ट्रॅकरही. नोड बघून पहिल्यांदा घाबरायला होतं तेवढंच.

पेठेतली_एडिटर
फोटो उभ्याने वाइडनेच काढला होता, आणि शूट बसून 🙄 उद्या सकाळी चौकात जाते. मावशीला साडीचं विचारलं, मोरपंखीवाली तयार आहे, निळीवाली म्हणते ती साडी तिला रुखवतात मिळालेली आहे. तिला सूप देते.