धनाढ्य आरोपीवरचा खुनाचा खटला: सरकार पक्षाकडून काम केलेल्यांनी लिहा

किस्से नकोत. बचावाचा घाव कुठे बसतो आणि आधीच काय बांधून ठेवावं, तेवढं सांगा.

सरकारी वकील, सत्र न्यायालय
साक्षीदार फुटणार हे धरूनच चाला. नेत्रसाक्षीदाराचा जबाब तपासातच दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घ्या (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४, आता बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १८३). तो स्वतंत्र पुरावा ठरत नाही, पण शपथेवरचा असल्याने फिरणं जड जातं. फितूर झालाच, तर पोलीस जबाबातला नेमका मजकूर त्याला वाचून दाखवा, त्या भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी 'ए' लिहून 'ए ते ए' खूण करा आणि तोच भाग तपास अधिकाऱ्याच्या सरतपासात (आपल्याच बाजूने घेतलेल्या साक्षीत) शाबीत करून घ्या. घाईत हीच पायरी राहते. मग विसंगती समोर दिसत असूनही वापरता येत नाही. फितुराची साक्ष सगळीच बाद होत नसते; आरोपी तिथे हजर होता एवढं जरी तो बोलला, तरी ते उचलायचं.

अपिलं पाहणारी वकील
फिर्याद सांगणाऱ्याच्याच भाषेत लिहा. जेसिका लाल खून खटल्यात (१९९९) फिर्यादी कोर्टात म्हणाला, जबाब हिंदीत लिहिलाय, मला हिंदी येत नाही. पिस्तूल सापडलंच नव्हतं, त्यात दोन पुंगळ्या दोन वेगळ्या हत्यारांच्या असाव्यात, हा तज्ज्ञाचा अभिप्राय बचावाला आयता मिळाला. फेब्रुवारी २००६ मध्ये सगळे सुटले. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने मुख्य आरोपी मनू शर्माला जन्मठेप दिली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तेव्हा लॅबला काय विचारायचं, ते दोषारोपपत्राआधी सरकारी वकिलाशी बसून ठरवा.

तपासातून निवृत्त
मुद्देमालाची साखळी! जप्ती, लाखेचं सील, पंचांच्या सहीची चिठ्ठी, मुद्देमाल रजिस्टर, लॅबला नेणारा शिपाई. मधल्या आठ दिवसांची नोंद नसेल तर रक्ताचा अहवाल कितीही पक्का असो, उलटतपासात तो गळतो. नेणाऱ्या शिपायाला साक्षीदार यादीत घालायला विसरू नका.

डिजिटल पुरावा
सीसीटीव्हीवर नवं चित्रण चढतं, म्हणून डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) पहिल्याच दिवशी ताब्यात घ्या. त्या पुराव्याचं प्रमाणपत्र (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३) दोन भागांत लागतं: यंत्र सांभाळणाऱ्याचं आणि तज्ज्ञाचं, हॅश व्हॅल्यूसह (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा).

पुन्हा सरकारी वकील
दोषारोपपत्र ९० दिवसांत गेलं नाही, तर जामीन हक्काने मिळतो. बडा वकील तेच दिवस मोजत असतो.