डभोईच्या शेतात कोको?
वर एकांनी डभोईजवळच्या २ एकरांत निव्वळ कोको लावायचा बेत मांडलाय. मीही बडोद्याचाच, म्हणून स्पष्ट लिहितो: आपल्याकडचा मे महिना या झाडाला सोसणार नाही. त्याला सावली, दमट हवा आणि सतत ओल लागते. ४२ अंशांत आपणच पंख्याखालून हलत नाही!

केरळ, कर्नाटक, आंध्रात कोको नारळ-सुपारीच्या सावलीत आंतरपीक म्हणून घेतात. पाण्याचा, मशागतीचा बराचसा खर्च मुख्य पीक उचलतं, म्हणून तो परवडतो.

२०२४च्या भावावर हिशेब मांडलात तर फसाल. तेव्हा घाना, आयव्हरी कोस्टमधलं पीक बसलं आणि भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, २०२५मध्ये उतरलाही. झाड तिसऱ्या वर्षाच्या सुमारास धरतं, भरात यायला आणखी दोन-तीन वर्षं. शिवाय ओल्या बिया ५-६ दिवस आंबवून वाळवल्या की ३ किलोंचा जेमतेम १ किलो उरतो. तो इथं घेणार कोण? कॅम्पको या सुपारी-कोको उत्पादकांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना पार कर्नाटकातल्या पुत्तूरला.

शेतात आधीपासून नारळ असतील तर तसं लिहा, मग चार-पाच झाडं हौसेनं लावायचं बघू.