परदेशी निधी गोव्यातील छोट्या संस्थांपर्यंत पोहोचतो का?

प्रश्न (फोंडा): वास्कोतील बायणा येथील वेश्यावस्ती २००४ मध्ये पाडली गेली, पण स्त्रियांची तस्करी थांबली नाही; ती किनारपट्टीवरील मसाज पार्लरे आणि भाड्याच्या खोल्यांत विखुरली. आमचा महिला गट सुटका झालेल्या स्त्रियांसोबत काम करू इच्छितो. परदेशी संस्थेचे साहाय्य मिळू शकेल का?

उत्तर (वास्को): परकीय योगदान विनियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आधी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या संस्थेला आपला परदेशी निधी लहान संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. ही अट मला जाचक वाटते, कारण या कामात समुपदेशकाचा पगार हाच खरा खर्च असतो.

उत्तर (म्हापसा): पैशाइतकीच दुभाष्यांची गरज आहे. एका तेलुगू मुलीच्या जबाबाला मी बसले होते. ती ओढणीच्या टोकाला गाठ मारून पुन्हा सोडत होती, आणि प्रश्न हिंदीत असल्यामुळे प्रत्येकाला नुसती मान हलवत होती. उझबेकिस्तान किंवा केनियातून आणलेल्या स्त्रियांची अवस्था याहून बिकट होते, कारण पासपोर्ट बहुधा दलालाकडेच असतो. भारताने २०११ मध्ये मान्य केलेल्या पालेर्मो प्रोटोकॉलमध्ये (मानवी तस्करीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात) पीडितेला समजेल अशा भाषेत माहिती देण्याचा उल्लेख आहे. परदेशी संस्थांकडे आधी तेच मागावे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. आमच्या गटात तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या दोघीजणी आहेत. सोमवारी त्यांना घेऊन महिला पोलीस ठाण्यात जाते.