ईमॅक्स अपग्रेड केल्यावर जुन्या ईएलएन फाइल्स चालतात का?

लिस्पवेडा:
नमस्कार मंडळी, ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरच्या २९.४ वरून ३०.१ वर आलोय. ईएलएन-कॅशचं (पॅकेजेसच्या लिस्प कोडपासून कम्पाईल झालेल्या ईएलएन फाइल्स साठवायचं) फोल्डर उघडलं तर आत ३०.१ चं एक फोल्डर, २९.४ चं एक आणि २९.४ चंच अजून एक, फक्त नावाच्या शेवटची अक्षरं-आकडे वेगळे. जुन्यातल्या फाइल्स उचलून नव्या फोल्डरमध्ये टाकल्या तर परत कम्पाईल व्हायचा वेळ वाचेल का? दुसरं म्हणजे अपग्रेडनंतर एक पॅकेज अमुक सिम्बॉलची फंक्शन डेफिनिशन व्हॉइड आहे (म्हणजे त्या नावाचं फंक्शनच सापडत नाही) म्हणून रडतंय, मला वाटतं जुनीच ईएलएन लोड होतेय, तर अख्खं कॅश उडवू का? होम फोल्डर दोन मशीनवर सिंक आहे आणि दुसऱ्या मशीनवर अजून २९.४ च आहे, म्हणून हात लावायला भीती वाटतेय.

कंसमोजणी:
नाही चालणार, आणि टाकूच नका. ईएलएन म्हणजे एक्स्टेन्शन वेगळं असलेली शेअर्ड लायब्ररीच, आत सरळ मशीन कोड असतो. तो कोड ईमॅक्सच्या सी मधल्या फंक्शन्सना पॉइंटरच्या एका टेबलातून कॉल करतो आणि त्या टेबलात कोण कितव्या जागेवर हे कम्पाईल करतानाच ठरलेलं असतं. नवीन व्हर्जनमध्ये सी मधलं एखादं फंक्शन वाढलं किंवा गेलं की जागा सरकल्या, मग हाक एकाला मारायची आणि ओ दुसऱ्यानेच द्यायची असं होईल. ते होऊ नये म्हणूनच फोल्डरच्या नावात व्हर्जनच्या पुढे ती अक्षरं-आकडे असतात, त्यालाच हॅश म्हणतात, म्हणजे काही माहितीवरून काढलेली ओळखखूण. त्या हॅशमध्ये व्हर्जन, सिस्टिमचा प्रकार, बिल्ड करताना दिलेले कॉन्फिगर ऑप्शन आणि त्या सगळ्या सी फंक्शन्सची यादी एवढं धरलेलं असतं. म्हणून तुमची २९.४ ची दोन फोल्डरं आहेत, दोन्ही मशीनवरचे बिल्ड वेगळ्या ऑप्शनने केलेले असणार. फाइल हाताने हलवून फसवताही येत नाही, कारण तोच हॅश फाइलच्या आतही लिहिलेला असतो, लोड करताना ईमॅक्स तो ताडून बघतो आणि जुळला नाही तर एरर देऊन थांबतो. मला हे डिझाइन फार आवडतं, क्रॅश होण्यापेक्षा स्पष्ट नकार कधीही चांगला.

रात्रपाळी:
वरचं सगळं बरोबर, पण म्हणजेच तुमच्या एररचा आणि जुन्या ईएलएनचा संबंध नाही, ३०.१ त्या फोल्डरकडे बघतच नाही. संशय घ्या ईएलसीवर, म्हणजे लिस्पपासून बनलेल्या बाइटकोडच्या फाइलवर (बाइटकोड म्हणजे मशीन कोड नव्हे, ईमॅक्स स्वतः चालवतो तो मधला कोड). बाइटकोडच्या फाइलला असं व्हर्जनचं फोल्डर नसतं, ती सोर्सच्या शेजारीच पडलेली असते. मॅन्युअलचा नियम असा आहे की जुन्या ईमॅक्सने केलेली ईएलसी नव्यात चालते, नव्याने केलेली जुन्यात चालेलच असं नाही. त्यात मॅक्रो (दुसरा कोड तयार करून देणारा कोड) कम्पाईल करतानाच उलगडले जातात, त्यामुळे २९ मधल्या एखाद्या मॅक्रोने आतलं एखादं खाजगी फंक्शन वापरलं असेल आणि ते ३० मध्ये काढून टाकलं असेल तर हीच एरर येते. पॅकेज-रिकम्पाईल-ऑल चालवा, २९ पासून आहे ही कमांड, आणि ईमॅक्स बंद करून परत चालू करा.

खरी काळजी सिंकची करा. एल्पा फोल्डर (इन्स्टॉल केलेली पॅकेजेस असतात ते) दोन्ही मशीनवर एकच असेल तर ३०.१ ने केलेल्या ईएलसी सिंक होऊन २९.४ कडे जातील आणि मग तिकडे रडारड सुरू होईल. कॉन्फिग आणि सोर्स सिंक करा, कम्पाईल होऊन निघालेलं काहीही करू नका.

लिस्पवेडा:
रिकम्पाईल केल्यावर एरर गेली, मनापासून धन्यवाद! आता दोन्हीकडे पॅकेजेस वेगळी कशी ठेवू?

कंसमोजणी:
अर्ली-इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स चालू होताना नेहमीच्या इनिट या सेटिंगच्या फाइलच्याही आधी वाचतो ती) पॅकेज-यूजर-डिर ला, म्हणजे पॅकेजेसच्या फोल्डरला, ईमॅक्सचा मेजर व्हर्जन जोडून नाव द्या, म्हणजे एल्पा-२९, एल्पा-३० असं. नेहमीच्या इनिटमध्ये लिहून उपयोग नाही, तोवर पॅकेजेस ॲक्टिव्हेट झालेली असतात. ईएलएन-कॅश सिंकच्या बाहेर काढायचं असेल तर स्टार्टअप-रिडायरेक्ट-ईएलएन-कॅश पण तिथेच लिहा.
जुनी फोल्डरं काढायला नेटिव्ह-कम्पाईल-प्रून-कॅश आहे, पण ती चालू ईमॅक्सला न लागणाऱ्या सगळ्याच ईएलएन उडवते, म्हणजे सिंक असताना चालवली तर २९.४ वाल्या मशीनचंही जाईल. नुकसान काही नाही, तिकडे परत कम्पाईल होईल, फक्त थोडा वेळ पंखा जोरात फिरेल.

टर्मिनलवाली:
एक राहिलं. कम्पायलर ऑप्शनमध्ये कोणी मार्च-नेटिव्ह (ज्या मशीनवर कम्पाईल होतंय त्याच्याच प्रोसेसरसाठी खास कोड बनव, असं सांगणारं) टाकलं असेल तर तेवढं तपासा. माझ्या माहितीप्रमाणे ते ऑप्शन त्या हॅशमध्ये येत नाहीत, त्यामुळे अगदी सारखा बिल्ड असलेल्या दोन मशीनमध्ये कॅश शेअर केलं आणि एकीचा प्रोसेसर जुना असला तर हॅश जुळेल, फाइल लोडही होईल, आणि प्रोसेसरला माहीत नसलेली इन्स्ट्रक्शन आली की ईमॅक्स जागीच बंद पडेल.