'क्षार' म्हणजे मीठ की सोडा?

म्हापसा : विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल घरच्यांसाठी मराठीत उतरवतोय. एका रकान्यात 'विरघळलेले क्षार'. दुसऱ्यात जे आहे (इंग्रजीत अल्कलिनिटी) त्याला हिंदी पुस्तकं 'क्षारीयता' म्हणतात. दोन्हीकडे क्षार लिहिलं तर आई विचारते, "मग पाणी खारट कसं नाही?" आणि पापडखारातला खार यांतला कुठला?

फोंडा : मराठी शालेय पुस्तकांत आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. हिंदीत याच क्षाराला लवण म्हणतात आणि 'क्षार' हा शब्द अल्कलीसाठी, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीसाठी, राखलेला आहे. तेव्हा दुसऱ्या रकान्यात 'अल्कता' लिहा. विहिरीच्या पाण्यात ती बहुतेक बायकार्बोनेटांमुळे असते, आणि बायकार्बोनेटं मराठी अर्थाने क्षारच! म्हणजे रकाने दोन असले तरी माल काही अंशी एकच. खारटपणा मुख्यतः सोडियम क्लोराइडचा; ते तुमच्या पाण्यात कमी असेल, म्हणून आईंना तो लागत नाही.

डिचोली : जुना अर्थ मात्र हिंदीने धरून ठेवलाय. आयुर्वेदातला क्षार राखेतून निघे: वनस्पती जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळून आटवायचं. जवखार म्हणजे मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट, सज्जीखार सोडियम कार्बोनेट. पापडखारही याच कुळातला. सोनाराचा टाकणखार म्हणजे बोरॅक्स. उलट कल्हईवाल्याचा नवसागर (अमोनियम क्लोराइड) मराठी अर्थाने पक्का क्षार असून नावात खार नाही. लोकांनी नावं ठेवताना रसायनशास्त्राला विचारलं नव्हतं, हे बरंच झालं.

अगरवाडा : आमच्या पेडण्यात खार म्हटलं की खारं पाणी आणि मिठागरच डोळ्यांपुढे येतं, सोडा नव्हे. पण मीठ म्हणजेही एकच पदार्थ नाही. समुद्राचं पाणी आटताना आधी चुनखडीचा अंश बसतो, मग जिप्सम, मग मीठ. मॅग्नेशियमचे कडू क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात. ते थोडे जरी मिठाबरोबर आले, तरी पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरलेल्या जाड्या मिठाला पावसात पाणी सुटतं.

फोंडा : राखेचा खार आणि मिठागराचं मीठ यांची गाठ कारखान्यात पडली. काच आणि साबणाला राखेचा सोडा पुरेना. 1860 च्या दशकात बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्व्हेने मीठ, चुनखडी आणि अमोनियापासून सोडा करण्याची रीत बसवली. अमोनिया फिरून फिरून वापरायचा, खर्ची पडतात मीठ आणि चुनखडी. मिठाच्या द्रावणातून वीज सोडली तर कॉस्टिक सोडा, क्लोरीन आणि हायड्रोजन मिळतो. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे 57 टक्के क्लोरीनच असतो. विहिरीवरचा तुमचा पाइप पीव्हीसीचा असेल, तर त्यातही मीठ आलंच.

म्हापसा : ठरलं, 'विरघळलेले क्षार' आणि 'अल्कता'. तिसरा रकाना राहिला, कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. 'जड पाणी' चालेल?

डिचोली : घरात चालेल, डाळ शिजेना की सगळे तेच म्हणतात. पण अणुभट्टीतलं जड पाणी वेगळं, त्यात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, असतो. पुस्तकी शब्द 'दुष्फेन', म्हणजे ज्यात साबणाला सहज फेस येत नाही ते. मी तर 'दुष्फेनता' लिहून आईंना 'जड' म्हणून वाचून दाखवेन.